हार्लेमचे ग्रंथपाल आणि पुस्तकांतील मुले

विसाव्या शतकाचा बराच काळ अमेरिकेत बालपुस्तकांचे मोठे खरेदीदार म्हणजे शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये होती. त्यामुळे कोणते पुस्तक घ्यायचे आणि कोणते परत पाठवायचे हे ठरवणाऱ्या ग्रंथपालाच्या मताला प्रकाशकांच्या लेखी वजन होते. कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकांत मानाचे स्थान मिळण्याचा इतिहास म्हणूनच लेखकांइतकाच ग्रंथपालांचाही आहे, आणि त्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील १३५व्या रस्त्यावरील शाखा ग्रंथालयाचा वाटा फार मोठा आहे.

कृष्णवर्णीय मुलांसाठी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १९२० मध्ये सुरू केलेले ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक दोन वर्षांत, २४ अंकांनंतर, बंद पडले. याच सुमारास, १९२१ साली, पुएर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे हार्लेमच्या या शाखेत रुजू झाल्या. आपल्या बेटावरच्या लोककथा तेथील कपाटांत नाहीत हे पाहून त्या आजीकडून ऐकलेली झुरळ आणि उंदराची कथा मुलांना तोंडी सांगू लागल्या. ती पुढे १९३२ साली ‘पेरेझ अँड मार्तिना’ या नावाने छापली गेली.

ऑगस्टा बेकर १९३७ साली याच शाखेत बालविभागाच्या ग्रंथपाल झाल्या. कपाटांत कृष्णवर्णीय माणसे अगदीच नव्हती असे नाही. पण ती बहुधा आळशी नोकर म्हणून, तोडक्यामोडक्या बोलीत बोलणारी आणि व्यंगचित्रासारखी रेखाटलेली असत, आणि बेकरबाईंच्या मते अशा पुस्तकापेक्षा कपाट रिकामे राहिलेले बरे होते. त्यांनी १९३९ साली जेम्स वेल्डन जॉन्सन या कवीच्या स्मरणार्थ विशेष संग्रह उभारला आणि पुस्तक पारखण्यासाठी तीन कसोट्या ठरवल्या: भाषा, आशय आणि चित्रे. या कसोट्यांवर उतरलेल्या पुस्तकांच्या याद्या त्यांनी प्रसिद्ध केल्या, प्रकाशकांकडे नव्या पुस्तकांसाठी तगादा लावला, आणि १९६१ साली त्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या सर्व शाखांमधील बालसेवेच्या प्रमुख झाल्या.

तरीही एकूण चित्र किती विदारक होते, हे वाचनशिक्षणाच्या अभ्यासक नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली आकड्यांनिशी दाखवले. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती; समकालीन अमेरिकेत जगणारी कृष्णवर्णीय माणसे तर एका टक्क्याहूनही कमी पुस्तकांत होती. बर्फात खेळणाऱ्या पीटरचे ‘द स्नोई डे’ हे १९६२ सालचे पुस्तक यांपैकीच. ते निःसंशय सुंदर आहे, पण त्याचे लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स श्वेतवर्णीय होते. लिहिणारा कोण, हा प्रश्न त्यामुळे उरलाच. १९६५ सालीच शालेय ग्रंथालयांना पुस्तकखरेदीसाठी केंद्र सरकारचा निधी मिळू लागला आणि मागणी वाढली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या आंतरवांशिक बालपुस्तक परिषदेने नव्या लेखकांसाठी स्पर्धा सुरू केली, आणि तिच्यातूनच वॉल्टर डीन मायर्स हे हार्लेममध्ये वाढलेले लेखक पुढे आले.

निधी आटला, तसा प्रकाशकांचा उत्साहही ओसरला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली मोजणी केली, तेव्हा त्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके अवघी १८ होती.