बोरघाटाचा मूकपट

सिनेमा जेमतेम आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. १९०३ साली एडविन पोर्टर यांनी अमेरिकेत बारा मिनिटांचा एक मूकपट काढला, ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’. दरोडेखोर तारमास्तराला बांधून घालतात, पाण्यासाठी थांबलेल्या गाडीवर चढतात, तिजोरी उडवतात, उतारूंना लुटतात आणि घोड्यावरून पळतात. मग पाठलाग, गोळीबार, सगळे ठार. शेवटी एक मिशाळ दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून बार काढतो. पुढे ज्याला ‘वेस्टर्न’ म्हणू लागले, आपल्या बोलण्यात ज्याला काउबॉयचा सिनेमा म्हणतात, त्याची घडण या बारा मिनिटांत दिसते. गंमत अशी, की हे चित्रण अमेरिकेच्या पश्चिमेत झालंच नव्हतं. ते झालं पूर्वेकडच्या न्यू जर्सीत. आमच्या कर्जतमध्ये ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला उभा राहिला, त्याच जातीचा हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, कर्जत-खालापूरच्या माणसाला या काउबॉयशी काय देणंघेणं? आहे. तेच आज सांगायचं आहे.

आधी त्या सिनेमांचा साचा पाहू. एक वैराण मुलूख. त्यात एक नवं गाव, नाही तर नवी रेल्वे. एक सज्जन पण अबोल वीर, एक सोज्वळ मुलगी, जमिनीवर किंवा सोन्यावर डोळा ठेवून बसलेला खलनायक आणि घोडा. ब्राँको बिली अँडरसन, विल्यम हार्ट, टॉम मिक्स ही मंडळी या साच्यावर जगभर गाजली. १९२३च्या ‘द कव्हर्ड वॅगन’मध्ये वसाहतवाल्यांच्या गाड्यांचा तांडा नद्या ओलांडत पश्चिमेला जातो. वर्षभरानं आलेल्या जॉन फोर्ड यांच्या ‘द आयर्न हॉर्स’मध्ये सगळं अमेरिका खंड जोडणारी रेल्वे टाकली जाते. या कथांमध्ये तिथले मूळ रहिवासी बहुधा वादळासारखे येतात. कुठून आले, त्यांना घरदार आहे की नाही, काही कळत नाही. संकट म्हणून यायचं आणि गोळी लागून घोड्यावरून पडायचं, एवढंच त्यांचं काम.

हे सिनेमे मुंबईला येत होते, धो धो येत होते. १९२७-२८ साली सरकारनं नेमलेल्या रंगाचारियार समितीसमोर परदेशी चित्रपटांची, त्यातही अमेरिकी चित्रपटांची, भरपूर चर्चा झाली. माझे आजोबा खालापूरच्या बाजूचे. तरुणपणी मुंबईच्या गोदीत कामाला होते. एडी पोलोचे मारधाडीचे सिनेमे त्यांनी तिथं पाहिले. मी लहानपणी त्यांना विचारायचो, ‘‘गोष्ट काय होती?’’ ते म्हणायचे, ‘‘गोष्ट कसली, पाठलाग होता. कोण कुणाच्या मागं लागलाय, ते शेजारचा सांगायचा.’’ त्या काळी पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. आपल्याकडच्या मूकपटांत त्या तीन-तीन, चार-चार भाषांत असत. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची आणि बाकीचे ऐकत. मूकपट मुका नव्हताच. त्याच्यासाठी प्रेक्षक बोलत होते.

मग आपल्या लोकांनी या साच्याचं काय केलं? घोडा घेतला, तलवार घेतली, बुरखा घेतला, पाठलाग घेतला. शेरीफ मात्र घेतला नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीचे उड्या मारणारे, कठड्यांवरून झेपावणारे नायक झाले. लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. फेअरबँक्सच्या १९२०च्या ‘द मार्क ऑफ झोरो’वरून जे. बी. एच. वाडिया यांनी १९३१ साली ‘दिलेर डाकू’ काढला. त्याच साली पुण्याच्या अगरवाल कंपनीचा ‘दिलेर जिगर’ आला. ललिता पवार त्यात होत्या. कथेत दुष्ट भाऊ राजाचा खून करतो, तान्हा राजपुत्र दूर जातो, कसरतपटू होऊन वाढतो आणि अखेर आपलं राज्य परत मिळवतो.

अमेरिकी कथेत कायद्याचा माणूस हा नायक असू शकत होता, कारण कायदा प्रेक्षकांच्या स्वतःच्या सरकारचा होता. आपल्याकडे कायदा गोऱ्या साहेबाचा. म्हणून इथं गादी बळकावणारा काका खलनायक ठरला आणि कायद्याबाहेरचा बुरखाधारी नायक. हे उघड सांगायची सोय नव्हती. शांताराम बापूंच्या ‘स्वराज्याचं तोरण’ या शिवचरित्रपटाचं नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ‘उदयकाल’ करावं लागलं होतं. पण कुठल्याशा काल्पनिक राज्यातला दुष्ट काका सेन्सॉरच्या कात्रीत सापडत नव्हता. पिटातल्या प्रेक्षकाला तो बरोबर ओळखू येत असावा, असं मला वाटतं.

दुसराही एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १९२४ साली बाबूराव पेंटर यांनी ‘कल्याण खजिना’ काढला. कर्जतहून कल्याण म्हणजे लोकलनं तासाभराचं अंतर. खजिन्याबरोबर सुभेदाराची सून हाती लागते आणि शिवाजी महाराज तिला सन्मानानं परत पाठवतात, ती ही कथा. त्यातही स्वारी आहे, लूट आहे, घोडदौड आहे. पण या कथेत शत्रूला घर आहे, घरात सून आहे, तिला अब्रू आहे. माझ्यासारख्या मुसलमान घरातल्या मुलानं ही गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा त्याला बाकावर अंग चोरून बसावं लागलं नाही. काउबॉयच्या सिनेमातल्या रेड इंडियन मुलाला ही सोय नव्हती.

आता घाटाकडे वळू. अमेरिका खंड जोडणारी रेल्वे पुरी झाली १८६९ साली. तिच्यावर ‘द आयर्न हॉर्स’ निघाला. आमचा बोरघाट त्याच्या सहा वर्षं आधी, १८६३ साली, रेल्वेनं चढला. वेस्टर्नला लागतं ते सगळं इथं घडून गेलं होतं. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ साली खंडाळा ते पुणे रूळ झाले आणि मधला घाट माणसं मेण्यातून, तट्टावरून, पायी चढू लागली. घाटाचं काम फॅव्हिएल नावाच्या ठेकेदाराकडे होतं. १८५९च्या जानेवारीत मजुरी थकल्यावरून मजुरांचा दंगा झाला आणि त्याच वर्षी त्यानं ठेका सोडला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस खचली नाही. तिनं ठेका स्वतःकडे घेतला आणि जाणते इंजिनीअर नेमून काम तडीला नेलं. पंधरा-सोळा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ आणि पंचवीस बोगदे. १८६१च्या सुरुवातीला या डोंगरात एका वेळी ४२ हजार माणसं राबत होती. दोरानं कड्यावर लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडणारे पुरुष, पाट्या वाहणाऱ्या बाया, पोरं. पटकीनं, तापानं, सुरुंगानं, दरडींनी त्यांतली हजारो गेली.

ॲलिसबाईंचं नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच हवं. मजुरांपैकी कुणाचं नाव मला आजवर कुठं आढळलेलं नाही. मी कवी माणूस, नावांवाचून माझं अडतं. कोण होते हे? कोणत्या गावचे? दंगा झाला तेव्हा पहिला आवाज कुणी काढला? ‘द आयर्न हॉर्स’मध्ये आयरिश आणि चिनी मजूर निदान पडद्यावर दिसतात. त्या चित्रपटात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. नायकाच्या बापाला मारणारा दोन बोटांचा ‘इंडियन’ प्रत्यक्षात वेश पालटलेला गोरा निघतो, जमिनीच्या लोभानं पेटलेला. त्या जमान्यातल्या सिनेमानंही नकळत एवढं कबूल करून टाकलं होतं!

आमच्या डोंगरातले मूळ रहिवासी ठाकर आणि कातकरी. खैराचा कात काढण्यावरून ज्यांना नाव मिळालं, त्या कातकऱ्यांचं रान पुढं जंगल कायद्यांनी राखीव झालं. आजही कर्जत-खालापूरच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ते भेटतात, बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर. फार्महाऊसच्या कुंपणांनी हा मुलूख आता पुन्हा एकदा ‘नवा’ केला आहे. ज्यांना तो कधीच नवा नव्हता, त्यांना विचारायला फारसं कुणी जात नाही.

आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले. पूर्ण-अपूर्ण मिळून वाचले तीसच्या आसपास. ‘दिलेर जिगर’ त्या नशीबवानांपैकी, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयानं जपलेला. बाकीच्या फिती जळल्या, कुजल्या, काही त्यातल्या चांदीसाठी विकल्या गेल्या. ते नुकसान भरून येणार नाही. बोरघाटाचा मूकपट मात्र कधी काढलाच गेला नाही, तेव्हा तो हरवलेलाही नाही. रेल्वेच्या दप्तरांत, वाड्या-वस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात त्याचे तुकडे असतील. ते गोळा करायला आमच्या कॉलेजातल्या पोरांनी का निघू नये?

पुण्याहून मुंबईकडे घाट उतरताना ब्रेक तपासायला गाड्या मधे थांबतात. तिथं फलाटावर चहावाला येत नाही, कुणी चढत-उतरत नाही. अशाच एका ठाण्याचं नाव आहे ठाकूरवाडी. रेल्वे येण्याआधी इथं कुणाची वस्ती होती, ते त्या पाटीवर लिहिलेलं आहे. मोठ्यानं वाचा, म्हणजे शेजारच्यालाही ऐकू जाईल.