घोलवडची वाडी आणि आश्विनातला वारा



आश्विन लागला की डहाणूच्या किनाऱ्यावरचा वारा कूस बदलतो. चार महिने नैऋत्येकडून पाऊस घेऊन येणारा वारा थकतो, आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुरू होतो. दुपारी पुन्हा खारा वारा. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना हे दोन वारे पुस्तकातून शिकवण्याऐवजी घोलवडच्या किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली उभे करावे, हातात एक दोरा द्यावा, आणि सकाळ-दुपार त्याचे टोक कुठे वळते ते पाहू द्यावे. धडा दोन मिनिटांत कळतो.

पण आज मी वाऱ्याबद्दल बोलायला बसलो आहे तो चिकूच्या निमित्ताने. काश्मीरच्या माणसाला शरद ऋतू म्हटला की सफरचंद आठवते. घरामागच्या झाडांची फळे उतरायची, निवडायची, उरलेली वाळवायची. आपल्या डहाणू-तलासरीकडे ती जागा चिकूने घेतली आहे. फरक एवढाच की सफरचंद एकदा उतरले की झाड वर्षभर मोकळे, आणि चिकूच्या झाडावर फूल, कोवळे फळ व तयार फळ एकाच वेळी लटकत असते. फुलापासून फळ तयार व्हायला सात ते दहा महिने लागतात. म्हणजे आज आश्विनात जो फुलोरा दिसतो, त्याचे फळ खायला पुढचा उन्हाळा उजाडतो.

आपण म्हणाल, चिकू तर आपलाच. आजोबांच्या काळापासून आहे. आजोबांच्या काळापासून आहे हे खरे, पण पणजोबांना विचारले असते तर त्यांनी डोके खाजवले असते. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. तिथले लोक त्याच्या सालीला चिरा पाडून पांढरा चीक काढीत आणि चघळीत. १८७० च्या आसपास न्यूयॉर्कच्या थॉमस अॅडम्स नावाच्या गृहस्थाने त्या चिकाचे रबर करण्याचा घाट घातला. रबर काही झाले नाही, पण चघळायचा डिंक झाला आणि जगभर खपला. स्पॅनिश लोकांनी हे झाड पॅसिफिक महासागर ओलांडून फिलिपीन्समध्ये नेले. तिथे त्याला आजही ‘चिको’ म्हणतात. आपला ‘चिकू’ त्याच घराण्यातला शब्द. मराठीतला ‘चीक’ त्याच्याशी जुळतो ही निव्वळ गंमत. पण कच्चे फळ तोडताना बोटे चिकटली की हे नाव इथेच पडले असावे असे वाटल्याशिवाय राहत नाही. मिरची, बटाटा, पेरू, पपई, काजू ही मंडळीही त्याच बाजूची. फराळाच्या ताटात परदेश किती बसला आहे, ते मुलांना एकदा मोजायला लावा.

महाराष्ट्रात चिकूची लागवड पहिल्यांदा झाली ती घोलवड गावी, १८९८ साली. ती कोणी केली? इकडची जुनी माणसे अर्देशीर इराणी यांचे नाव घेतात, आणि रोप मुंबईच्या सर दिनशा पेटिट यांच्या बागेतून आले असे सांगतात. ही सांगोवांगीची गोष्ट आहे, पण तिच्यामागे मोठा इतिहास उभा आहे. एकोणिसाव्या शतकात इराणमधल्या यझ्द व केरमान भागातल्या जरथोस्ती शेतकऱ्यांचे फार हाल होते. धर्मापायी जिझिया कर भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी त्यांच्यासाठी निधी उभारला, माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे पाठवले, आणि बऱ्याच खटपटीनंतर १८८२ साली तो कर उठला. निधीच्या कामात हेच पेटिट पुढे होते. दरम्यान कित्येक कुटुंबे इकडे निघून आली. त्यांतली काही डहाणूच्या बाजूला स्थिरावली. त्यांच्या पूर्वजांचे पहिले गलबत जिथे लागले असे मानतात ते संजाण इथून हाकेच्या अंतरावर, आणि बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरात त्यांचा पवित्र अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला होता अशी परंपरा आहे.

पाणी आणि माती ओळखणारी ही माणसे. तशात १८६४ पासून मुंबई ते सुरत लोहमार्ग सुरू झालेला होता. सकाळी पाटी भरली की फळ मुंबईच्या बाजारात. लोहमार्ग नसता तर चिकू घोलवडच्या अंगणातच राहिला असता. हे नाजूक फळ बैलगाडीच्या धक्क्यांनी किती टिकणार?

आता एक गोष्ट मला विशेष वाटते ती सांगतो. चिकूचे बी लावले तर रोप येते, पण ते फळाला यायला फार वर्षे घेते आणि फळ कसे निघेल याचा नेम नाही. म्हणून कलम करतात, आणि ते कलम बांधतात खिरणीच्या खुंटावर. खिरणी हे आपल्याच रानातले झाड. कुणी रांजणी म्हणतात, गुजरातकडे रायण म्हणतात. पिवळी गोड फळे आदिवासी पोरे उन्हाळ्यात रानात खात फिरतात. कुंडीतले खिरणीचे रोप चिकूच्या फांदीपाशी मांडवावर चढवायचे, दोघांची साल तासायची, तासलेला भाग एकमेकांवर घट्ट बांधायचा. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की वरून चिकू, खालून खिरणी. याला भेटकलम म्हणतात. घोलवडच्या ज्या ‘काळीपत्ती’ चिकूची कीर्ती आहे, त्याची मुळे अशी आपल्या रानाची असतात. पावसाळ्यानंतर सांध्याखालून खिरणीची फूट जोरात येते. ती वेळीच काढली नाही तर खुंट वरच्या झाडाला उपाशी ठेवतो. आश्विनात वाडीत फिरताना पहिली नजर तिथे टाकावी.

परदेशी फळ, इराणी मालक, देशी मुळे. एवढ्यावर गोष्ट संपवली असती तर ती गोड झाली असती. पण या वाड्या खणल्या कोणी, विहिरींचे पाणी ओढले कोणी, फळ उतरवले कोणी? ते होते वारली, दुबळा, धोडी पाड्यांवरचे लोक. आणि त्यांची त्या काळची हकीकत इतिहासाच्या तासाला फारशी निघत नाही.

डहाणू आणि त्या वेळचा उंबरगाव तालुका (तलासरी त्यातच होती) इथल्या जमिनी बहुतांशी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. त्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. लग्नासाठी थोडे पैसे उचलले की नवराबायको दोघे सावकाराच्या दारी राबत. त्याला लग्नगडी म्हणत. वेठ तर रोजचीच. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली, तिला काही वारली गेले आणि परत येऊन त्यांनी पाड्यापाड्यावर सांगितले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. ठराव साधा होता: वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरीशिवाय कोणाच्या शेतावर जायचे नाही.

पुढे आला आश्विन. आज ज्या ऋतूत आपण बागेची मशागत बोलतो आहोत, तोच. तेव्हा इकडे गवतकापणीचा हंगाम असे. डहाणूचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. मजुरी वाढवून मिळाल्याशिवाय विळा उचलणार नाही असे वारली म्हणाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा काळ लिहून ठेवला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरी-डहाणूच्या शिक्षकांनी ते पुस्तक शाळेच्या कपाटात नव्हे, हातात ठेवावे.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत. त्यांच्या ध्यानात आले की पाड्यावरचे मूल शाळेत येत नाही, कारण त्याला गुरे राखायची असतात किंवा धाकटे भावंड सांभाळायचे असते. मग त्यांनी कुरणावरच शाळा नेली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याच टेकडीवर पुढे कृषी विज्ञान केंद्र उभे राहिले, आणि आज चिकूवरच्या किडी-रोगांविषयी शेतकरी सल्ल्याला तिथे जातो.

जमिनीचा प्रश्न हळूहळू हलला. १९४८ चा कूळकायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. १ मे १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि छोट्या आदिवासी शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावर कलम लावता आले. ज्याच्या आजोबाने दुसऱ्याच्या वाडीला पाणी ओढले, त्याचा नातू आज आपल्या चार झाडांना आळे करतो. चार झाडे म्हणजे फार नाही. पण ती त्याची आहेत.

म्हणूनच वाऱ्याचे बोललो. मोठ्या वाडीवाल्याची शंभर झाडांतली दोन पडली तर तो हळहळतो. चारांतले एक पडले तर चौथा हिस्सा गेला. पाऊस संपतासंपता, आणि उन्हाळ्याच्या शेवटी, असे दोन वेळा अरबी समुद्रात वादळे उठतात. नोव्हेंबर १९४८ चे वादळ मुंबईच्या बाजूचे जुने लोक विसरले नव्हते. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आले. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गुजरातेकडे गेले, आणि मे महिन्याचा चिकूचा ऐन बहर जमिनीवर आला.

वादळ थांबवता येत नाही, पण धक्का कमी करता येतो. वाडीच्या पश्चिमेला व नैऋत्येला सुरूची दाट रांग ठेवावी. किनाऱ्यावर सुरू लावले आहेत ते शोभेसाठी नव्हे. नव्या कलमाला दोन वर्षे काठीचा आधार द्यावा, आणि बांधताना दोरी आवळू नये, आठाच्या आकड्यासारखा सैल फास घ्यावा. दोन झाडांत दहा मीटर अंतर सोडायला सांगतात ते यासाठीही. दाटीत वाढलेले झाड उंच व हलके होते आणि आधी मोडते. पाऊस ओसरला की खताचा दुसरा हप्ता द्यावा. पावसात गळालेली कुजकी फळे वेचून खोल पुरावीत. ती झाडाखाली राहिली तर फळकूज आणि बी पोखरणारी अळी दोन्ही पुढच्या बहरात हजर.

वाऱ्याने पडलेल्या चांगल्या फळांचे काय करावे? आधी नखाने हलका ओरखडा काढा. आत हिरवे दिसले आणि चीक आला, तर फळ कोवळे. ते पिकणार नाही, तुरटच राहील, खड्ड्यात टाका. पिवळसर दिसले तर तयार. अशी फळे धुऊन, चीक काढून, सावलीत सुकवून गवतावर एका थरात मांडावीत. चार ते सात दिवसांत पिकतात. कच्चे फळ थंड पेटीत ठेवू नये. मार लागलेली फळे वेगळी काढून आधी वापरावीत, एक कुजके फळ पाटी नासवते हे सांगायला नको.

उरलेल्यांच्या चकत्या. पिकून आलेले पण अजून घट्ट फळ घ्यावे, साल व बिया काढून पातळ चकत्या कराव्यात, स्वच्छ कापडावर पसराव्यात, वरून मलमल टाकावी. आश्विन-कार्तिकातले ऊन यासाठी उत्तम. हवा कोरडी आणि मतलई वारा सोबतीला. चिकूत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणून पाटीभर फळाची बरणीभरच चकती होते. घरातल्या पोरांनी खाल्ली असे समजून भांडू नका. पूर्ण वाळलेली चकती वाकवली तर चामड्यासारखी लागते, ओली लागत नाही. ती दळून पूड केली की वर्षभर दुधात घालता येते. मुरांबा करायचा तर लिंबाचा रस अवश्य घालावा, चिकूत आंबटपणा नसतो. बोर्डी-घोलवडच्या बायका आता हे पदार्थ विकतात. २०१३ पासून बोर्डीला चिकू महोत्सव भरू लागला. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे दुसरीकडचा चिकू या नावाने विकता येत नाही.

या नावाला जपण्याची आणखी एक बाजू आहे. १९९१ च्या जून महिन्यात केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तेव्हा औष्णिक वीजकेंद्र उभे राहत होते, आणि धुरामुळे मोहोर करपेल अशी बागायतदारांना भीती होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९६ मध्ये निकाल लागला, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. १९९८ मध्ये त्याने वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह होकार दिला, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. मच्छीमार आणि बागायतदार यांचे यावर तीव्र मत आहे, कोणाला त्यात रोजगार दिसतो. माझे म्हणणे इतकेच की या प्रश्नावर बोलताना चार झाडांचा मालकही खोलीत असावा.

तर श्रोतेहो, उद्या सकाळी वारा पडला असेल तेव्हा वाडीत एक फेरी मारा. खिरणीची फूट पाहा, सैल झालेले आधार बांधा, आणि पोरांना पाटी देऊन पडलेली फळे वेचायला लावा. चकत्या करायच्या असतील तर ऊन दहाच्या पुढे चांगले तापते.