गोधडीच्या कापडाचं परिमाण

गोधडी शिवणाऱ्या बाईला आज कापड कमी पडत नाही. कापड फार झालंय, हीच तिची अडचण आहे. बेळगाव, कोल्हापूर, इंदूर, बडोदा, कुठल्याही घरचं कपाट उघडून बघा. ओटीत आलेले ब्लाउजपीस, गुळेदगुड्डचे खण, प्रदर्शनातून आणलेलं छापील सुती कापड, ‘कधीतरी गोधडीत लागेल’ म्हणून ठेवलेले दुपट्टे. अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायका अशा साठ्याला ‘स्टॅश’ म्हणतात. उरलेल्या आयुष्यात संपणार नाही एवढा साठा झाला, तर त्यालाही त्यांनी एक थट्टेचं नाव ठेवलंय. त्यांच्यातल्या पुष्कळजणी आता ‘वर्षभर नवं कापड घेणार नाही’ असा नेम करतात. नेम मोडतो, पुन्हा करतात. आपल्याकडेही छंद म्हणून गोधडी शिवणाऱ्या बायका हेच बोलू लागल्या आहेत. जुनं कापड वाया जाऊ नये म्हणून जिचा जन्म झाला, त्या गोधडीपायी नवं कापड घेण्याची हाव आवरावी लागते, हे मला फार नवलाचं वाटतं. हे कधी उलटलं, ते पाहावं म्हणून हा लेख.

कापड किती ठेवावं हा प्रश्न मात्र जुना आहे. बौद्धांच्या विनयपिटकात एक गोष्ट आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भिक्खू आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजा चिडला. एवढी वस्त्रं घेऊन हा काय कापडाचं दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं झिजली आहेत त्यांना वाटणार. मग झिजलेल्यांचं काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. त्या फाटल्या की जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात कालवून जमीन सारवायची. राजा एवढा खूश झाला, की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली! त्याच विनयात जादा वस्त्र दहा दिवसांपलीकडे जवळ ठेवू नये असाही नियम आहे. भिक्खूंचं चीवर म्हणजे तुकडे जोडूनच शिवलेलं वस्त्र, मगधातल्या भातखाचरांसारखं बांध घातलेलं. म्हणजे ठिगळं जोडण्याची कला आणि साठ्याची मर्यादा, दोन्ही तिथे शेजारी शेजारी बसल्या आहेत.

आपली गोधडी आनंदाच्या त्या उत्तरातल्या मधल्या पायरीवरची. आमच्या भागात तिला वाकळ म्हणतात, कानडी घरांत कौदी. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटरचं. नेसून नेसून मऊ झालं, की त्याचे चार तुकडे करायचे, दोन-दोन जोडायचे, की वरचा थरही झाला आणि खालचाही. आत फाटकी धोतरं, धडपे, मुलांचे कपडे. मग सगळीकडून धावदोरा. माळ्यावर एक बोचकं असायचं, त्यात हे जमत जायचं. पण ते बोचकं कुणाच्या इच्छेने वाढत नव्हतं. घरातलं कापड झिजेल तेवढंच ते फुगणार. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हा तर फाटकंसुद्धा मोलाचं झालं. ‘आज गोधडीसाठी कापड आणायला जाते’ असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर आमच्या आज्या तोंडाला पदर लावून हसल्या असत्या.

खानापूरच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका आजही अशीच वाकळ शिवतात, तिला त्या कवंदी म्हणतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पुष्कळांना पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलं होतं. त्यांच्या बोलीत आपली कोकणी-मराठी मिसळलेली आहे. त्या काठापासून शिवायला लागतात आणि आत आत मध्यापर्यंत येतात. चार कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात; त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. त्यात आधी काढलेला नकाशा नसतो. हाताशी जो तुकडा येईल तो पुढे लागतो. रंग जुळत नाही म्हणून दुकानात जायचा प्रश्नच येत नाही.

सगळीकडे मात्र असं नव्हतं, हेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या लीव्हन्स हॉलची १७०८ च्या सुमाराची रजई तिथली फार जुनी तुकड्यांची रजई मानतात. ती आपल्याकडून गेलेल्या छापील कापडाची आहे. ते कापड तिकडे महाग आणि अप्रुपाचं होतं. म्हणजे सुंदर कापडाचा तुकडासुद्धा टाकवत नाही, हा मोह फक्त आजचा नाही.

अमेरिकेत गरीब शेतकरी घरांतल्या बायका पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य ज्यात येई, त्या सुती गोण्या उसवून कपडे आणि रजया शिवत. गोण्यांवर फुलाफुलांचं छापकाम करून दिलं तर बायका आपलाच माल मागवतील, हे कारखानदारांनी ओळखलं. १९३० च्या मंदीत हे फार चाललं. मग नवऱ्याला बजावून धाडायचं, की त्याच फुलांची आणखी एक गोणी आण, नाहीतर झगा पुरा व्हायचा नाही. मला वाटतं, वळण पडलं ते इथे. उरलेलं कापड वापरता वापरता, हवं ते कापड उरेल अशी खरेदी सुरू झाली. पुढे १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जुन्या रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि रजईला कलेचा मान मिळाला. १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीचं फिरत्या पात्याचं कटर आलं. कात्रीने तासभर लागणारं काम मिनिटांत होऊ लागलं. खास रजईसाठीचं कापड, त्याची खास दुकानं, दर हंगामाला नवी नक्षी. कापणं झटपट झालं, घेणं त्याहून झटपट. हाताने शिवायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहिला.

आपल्याकडे वेगळी गोष्ट घडली. नऊवारी गेली, सहावारी आली, आणि सुती गेलं, नायलॉन-पॉलिएस्टर आलं. त्या साड्या फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत, गोधडीत घातल्या तर निसटतात. जुनी साडी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेणं जास्त फायद्याचं झालं. गाद्या आणि ब्लँकेटं विकत मिळू लागली. माळ्यावरचं बोचकं रिकामं झालं. मग वीसेक वर्षांनी गोधडी परत आली, ती आवड म्हणून. तेव्हा घरात मऊ सुती जुनेर उरलंच नव्हतं. म्हणून नवं कापड आणून, धुऊन, कापून, जुन्यासारखी गोधडी करायची.

यावर ‘बायकांना हाव फार’ असं कुणी म्हटलं, की मला ते पटत नाही. शेती पुरुषांच्या नावाची, घर पुरुषांच्या नावाचं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, जो आपल्या जैनांनाही लागू आहे, येईपर्यंत वारशाने आलेल्या मालमत्तेवरही बाईचा हक्क बहुतेक अपुराच असे. तिच्या हातात खरोखर काय होतं? अंगावरचे दागिने आणि ट्रंकेतलं कापड. ट्रंकेची किल्ली कमरेला, आणि त्यातलं कुणाला काय द्यायचं ते तिने ठरवायचं. कापड साठवण्यात हा मान आहे. तो विसरून नुसता उपदेश केला, तर कुठलीच बाई ऐकणार नाही.

पण म्हणूनच मर्यादाही आपलीच आपण घालावी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत. शेत, घर, सोनं, धनधान्य यांच्याबरोबर तिथे ‘कुप्य’ हा शब्द आहे. टीकाकारांनी त्यात सुती-रेशमी वस्त्रं धरली आहेत. मुनींचा त्याग आपल्याला झेपणार नाही. आपल्यासाठी आहे ते परिमाण, म्हणजे मोजून ठरवलेला आकडा. आणि दोष कशाला म्हटलंय? ठरवलेला आकडा ओलांडण्याला. पण आकडाच ठरवला नसेल, तर ओलांडला हे कळणार कसं? ‘यंदा कमी घेईन’ हे परिमाण होत नाही.

तेव्हा मोजूया. पाच फूट बाय सात फुटांच्या गोधडीला वरचं आणि खालचं मिळून सुमारे आठ मीटर कापड लागतं. ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर. शंभर ब्लाउजपीस साठले असतील, तर दहा-बारा गोधड्यांचं कापड घरात आहे. हाताने शिवणारी बाई घरकाम सांभाळून वर्षात एक, फार तर दोन शिवते. म्हणजे पाच ते बारा वर्षांची बेगमी झाली. हा हिशोब एकदा वहीत मांडला, की दुकानातला हात आपोआप आखडतो. ज्यांना जमलं त्यांच्या रीती साध्या आहेत. वहीत दोन रकाने, आलेले मीटर आणि शिवलेले मीटर. दोन मीटर शिवल्याशिवाय एक मीटर आणायचं नाही. खालच्या थराचं कापड वरचा थर पुरा झाल्यावरच घ्यायचं. वीतभराहून लहान तुकडे एका डब्यात, तो भरला की त्यातूनच एक दुपटं. आणि ओटी भरताना खणाऐवजी दुसरं काही चालेल का, हे आक्का-वहिनींनी आपसात ठरवून टाकावं. नाहीतर तोच ब्लाउजपीस दहा घरं फिरून परत आपल्याच कपाटात येतो.

उमास्वामींनी परिग्रह म्हणजे मूर्च्छा असं सांगितलंय, वस्तूत गुंतून पडणं. मला ते कपाटासमोर उभं राहिलं की नीट कळतं. जे कापड ‘फार सुंदर आहे, कापवत नाही’ म्हणून वीस वर्षं घडीत राहिलं, ते घडीवरच विरतं, कसर लागते. आपल्यामागे ते सुनेच्या हाती येतं, आणि कशासाठी आणलं होतं ते तिला माहीत नसतं. तेच आज शिवलं तर नातवंडाच्या अंगावर पडेल. शिवणं होणार नसेल, तर जिच्या हातून होईल तिला द्यावं, तुकडा किती मीटरचा आहे ते चिठ्ठीवर लिहून. आणि वहीतल्या दुसऱ्या रकान्यात ते मीटरही मांडावेत.