अल्पभूधारणेचा प्रश्न : डॉ. आंबेडकरांचे १९१८ चे संशोधन आणि नीरा खोरे

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई इलाख्यातील शेतीच्या दुरवस्थेचे कारण जमिनीच्या लहान व विखुरलेल्या तुकड्यांत शोधले जात होते. कीटिंग, डॉ. हॅरॉल्ड मान आदी कृषी अधिकाऱ्यांच्या लेखनामुळे या मतास बळ मिळाले. १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकातील निबंधात सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी या विचारपद्धतीचीच चिकित्सा केली.

विवेचन

आंबेडकरांनी तुकड्यांचे एकत्रीकरण आणि धारणक्षेत्राची वाढ हे दोन प्रश्न वेगळे केले. शेती किफायतशीर आहे की नाही हे केवळ एकरांवरून ठरत नाही. श्रम व भांडवल यांच्याशी जमिनीचे प्रमाण काय, यावर ते अवलंबून असते. उपलब्ध अवजारे व जनावरे पाहता येथील धारणक्षेत्रे लहान नसून उलट मोठीच आहेत, असे त्यांनी दाखवले. शेतीवरील अतिरिक्त मनुष्यबळ उद्योगांत सामावून घेणे हाच त्यांच्या मते खरा उपाय होता. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी अल्पभूधारकांविषयीच्या विधेयकास विरोध केला.

या सिद्धान्ताची प्रचीती नीरा खोऱ्यात येते. १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतीचे स्वरूप पालटले. निरवांगीच्या परिसरासह या पट्ट्यात बागायत एकर व जिरायत एकर यांचे मोल सारखे राहिले नाही. हा भेद पुढे कायद्यानेही स्वीकारला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातील १९७५ च्या सुधारणेनुसार बारमाही बागायतीस १८ एकर, तर कोरडवाहू जमिनीस ५४ एकर मर्यादा ठरली.

तथापि अतिरिक्त मनुष्यबळाचा प्रश्न या मोजमापाबाहेरच राहिला. वालचंदनगर व सहकारी साखर कारखान्यांमुळे रोजगार वाढला. परंतु गळीत हंगामात बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून येणारा ऊसतोड मजूर फडालगतच्या कोपीतच राहिला. एकरांची मर्यादा ठरवणाऱ्या कायद्यात त्याच्या निवाऱ्यास स्थान नव्हते.

समारोप

जमीन मोजणे सोपे, पण विषमता केवळ जमिनीने मोजता येत नाही, हा त्या निबंधाचा मथितार्थ होय. नीरा खोऱ्यातील धोरणाने त्याचा पूर्वार्ध अंगीकारला; भूमिहीनाच्या उपजीविकेशी निगडित उत्तरार्ध मात्र अपुराच राहिला आहे.