तात्या विंचू परत आला, पण...

परवा माळ्यावरचं सामान काढताना एक थ्रीडी चष्मा सापडला. खरं तर हा चष्मा खेळ सुटल्यावर दारातल्या टोपलीत परत टाकायचा असतो. पण २०१३ च्या जूनमध्ये तो माझ्या मुलाच्या खिशातून घरी आला आणि माळ्यावर जाऊन पडला. (मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, हे त्याच्या आजीसाठी सांगून ठेवतो :) ) चष्म्याबरोबर तो अख्खा दिवस आठवला. त्या दिवशी मी फार मोठी आशा घेऊन 'झपाटलेला २' बघायला गेलो होतो आणि गप्प गप्प परत आलो होतो. काय बिनसलं ते तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. आज प्रयत्न करून बघतो.

आधी थोडं मागचं. आमच्या पिढीला, निदान बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांना, मराठी सिनेमा म्हणजे महेश कोठारे आणि लक्ष्या. १९८५ चा 'धुमधडाका', १९८७ चा 'दे दणादण', १९८९ चा 'थरथराट', १९९० चा 'धडाकेबाज' आणि १९९३ चा 'झपाटलेला'. गोष्टी सगळ्या वेगळ्या, पण आम्ही ती एकच मालिका समजायचो. महेश सरळ, शूर आणि थोडा कडक. लक्ष्या घाबरट, गोंधळलेला आणि मनाचा निर्मळ. कोठाऱ्यांना दर वेळी पडद्यावर काहीतरी नवीन करून दाखवायची हौस. 'धडाकेबाज' सिनेमास्कोपमध्ये काढला आणि त्यात बाटलीतून दुसरा लक्ष्या बाहेर काढला. 'झपाटलेला'त तर चक्क बाहुलाच जिवंत केला. म्हणजे तंत्राची चमक ही काही २०१३ ची नवी गोष्ट नव्हे, हे आधीच कबूल करायला हवं.

आमचं गाव केज तालुक्यात. मुंबई-पुण्यात लागलेला सिनेमा आमच्याकडे यायचा तो चैत्रातल्या यात्रेत, तंबूतून, आणि तोही दोन-दोन वर्षांनी. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, बसायला जमीन. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधारात थांबायचं आणि शिट्ट्या मारायच्या. यात्रा चैत्रात असायची हे आमच्या दृष्टीने फार चांगलं होतं, कारण तोवर ऊसतोडीला गेलेली माणसं परतलेली असायची. माझा थोरला चुलतभाऊ, दादा, त्यांच्यातलाच. दसरा झाला की काका-काकूंबरोबर तो कारखान्यावर जायचा आणि पट्टा पडला की उन्हाळ्यात परत यायचा. शाळेचं वर्ष अर्धंच व्हायचं त्याचं. पण लक्ष्याचा सिनेमा मी त्याच्याशिवाय कधी बघितला नाही.

'झपाटलेला' आम्ही असाच बघितला. ज्यांनी पाहिला नसेल (असा कोणी असेल का?) त्यांच्यासाठी थोडक्यात. तात्या विंचू नावाचा गुंड, भूमिका दिलीप प्रभावळकरांची, मरता मरता मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या हातात. हा लक्ष्या शब्दभ्रमाचे खेळ करणारा, आडनाव 'बोलके'. बाहुला घडवला होता रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये म्हणजे अर्धवटरावांचे जनक, तेव्हा बोलक्या बाहुल्या त्यांच्या घरातच होत्या. तात्या विंचूला पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरावं लागणार. आणि ते गुपित त्याने सांगितलेलं असतं लक्ष्याला! लक्ष्या जीव तोडून सगळ्यांना सांगतो की बाहुला जिवंत आहे, पण त्याचं कोणी ऐकतच नाही.

त्या रात्री दादाने माझा हात एवढा घट्ट धरला होता की सकाळी मनगट दुखत होतं. पुढे महिनाभर तो गोणपाटाचा बाहुला करून आम्हाला घाबरवायचा. पण गंमत अशी की तो तात्या विंचूची नक्कल फार करत नसे. तो लक्ष्याची करायचा. डोळे मोठे, जीभ जड, शब्द अर्धवट. आणि भीती त्यानेच वाटायची.

असो. २०१३ कडे येतो. ७ जूनला 'झपाटलेला २' लागला. मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून गाजावाजा होता. मराठवाड्यात ते साल भयंकर दुष्काळाचं. लोक बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगत होते. गावात टँकर, जनावरं चारा छावणीत. दादा तेव्हा ट्रॅक्टर चालवायचा. मी म्हटलं, "दादा, औरंगाबादला जाऊ. तात्या विंचू परत आलाय." बैलांजवळ काकूला बसवून तो आला. मी, दादा आणि माझा मुलगा. शहागडच्या पुलावरून गोदावरी बघितली, तर पात्रात नुसती वाळू. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) येईपर्यंत दादा पाण्याबद्दलच बोलत होता.

सिनेमा वाईट होता असं मी म्हणणार नाही. बाहुला तोच, पाध्यांचा. महेश जाधवही तोच. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे, म्हणजे 'माझा छकुला'तलं ते पोर. शिवाय आपल्या मराठवाड्याचे मकरंद अनासपुरे. चष्मा लावल्यावर वस्तू अंगावर यायच्या आणि मुलगा हात पुढे करून त्या पकडायला बघायचा. पण मध्यंतरानंतर दादाने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तसाच, दुहेरी दिसणारा पडदा बघत बसला.

बाहेर आल्यावर चहा घेताना मी विचारलं, "कसा वाटला?" बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आरं, त्यो भ्यायचा म्हणून आपुन भ्यायचो. ह्यात कुणी नीट भीतच न्हाई."

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले. पन्नास वर्षांचे होते. 'टुरटुर' नाटकातून वर आलेला हा माणूस नसताना दुसरा भाग काढणं कोठाऱ्यांनाही सोपं नसणार. नट गेला यात त्यांचा काही दोष नाही. पण दादाचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि नंतर मूळ इंग्रजी सिनेमा बघितला तेव्हा ते जास्त कळलं.

'झपाटलेला'ची कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तिथे चकी नावाचा बाहुला सहा वर्षांच्या अँडीच्या मागे लागतो. पोर खरं सांगतंय आणि मोठी माणसं ऐकत नाहीत, हे त्या गोष्टीचं मर्म. कोठाऱ्यांनी त्या पोराच्या जागी लक्ष्या ठेवला. वयाने मोठा, मनाने सहा वर्षांचा. माझ्या मते ही त्या सिनेमातली सगळ्यात मोठी युक्ती आणि तिला काही यंत्र लागलं नव्हतं. तंबूत बसलेल्या आमच्या लोकांना तर खरं सांगूनही कोणी ऐकत नाही म्हणजे काय, हे वेगळं समजावून द्यायची गरज नव्हती. उचल किती घेतली आणि किती फिटली यावर मुकादमाशी वाद घालणारी माणसं ती.

पुढे चकीचंही तेच झालं. अँडी मागे पडला आणि बाहुला नायक झाला. १९९८ मध्ये 'ब्राइड ऑफ चकी', २००४ मध्ये 'सीड ऑफ चकी'. 'चाइल्ड' हा शब्द नावातूनच गेला! पण आपला 'झपाटलेला २' आला त्याच २०१३ साली त्यांच्या 'कर्स ऑफ चकी'त, अगदी शेवटी, नामावलीनंतर, अँडी परत आला. तोच नट, अॅलेक्स व्हिन्सेंट, आता मोठा झालेला. त्यांना हे करता आलं. आपला अँडी नऊ वर्षांपूर्वीच गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तुझं वय बोलतंय. तंबू गेला, यात्रा बदलली, तू चाळिशीकडे आलास, मग कुठला सिनेमा तुला पूर्वीसारखा वाटणार? ही शंका मलाही होती. पण एक गोष्ट घडली. त्याच आठवड्यात गावी, लाईट असताना, आम्ही मुलाला सीडीवर जुना 'झपाटलेला' दाखवला. त्याला ना तंबूची आठवण, ना लक्ष्याची. बाहुला झटके खात चालतो हे त्याला लगेच दिसलं आणि तो हसला. नवा जास्त भारी आहे, असंही म्हणाला. मग लक्ष्या घाबरायला लागला. थोड्या वेळाने पाहतो तर पोरगं दादाच्या मांडीत तोंड खुपसून बसलेलं. औरंगाबादहून आल्यावर ते बिनघोर झोपलं होतं, त्या रात्री मात्र भिंतीकडेची जागा मागितली. तेव्हा सगळा दोष माझ्या वयाचा नाही, एवढं समाधान मला मिळालं.

२०२४ साली तिसऱ्या भागाची घोषणा झाली. हल्ली तर गेलेली माणसंही पडद्यावर उभी करता येतात. पीटर कुशिंग १९९४ मध्ये गेले आणि २०१६ च्या 'रोग वन'मध्ये दिसले. चेहरा आणता येतो. पण त्या घाबरण्यात लक्ष्या काय ओतत होता, ते यंत्राला कुठून सांगणार?

चष्मा सापडला तसा दादाला फोन लावला. त्याला तो दिवस आठवत होता, गोदावरीची वाळू जास्तच. म्हटलं, तिसऱ्याला जायचं का? म्हणाला, "जाऊ की. तात्या विंचूला काय सोडून देतो का आपुन?" आणि मग फोनवरच, साठीकडे निघालेला तो माणूस, लक्ष्यासारखा बोबडी वळवून दाखवायला लागला. हातातला चष्मा बाजूला ठेवून मी हसत बसलो.