शाळामास्तर : गावाचा पुढारी की हुकमाचा ताबेदार?



आजचा विषय शिक्षकाचा आणि बोलणारा मनुष्य कामगार संघटनेचा. माझे शालेय शिक्षण थोडके. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांतून. तेव्हा अध्यापनशास्त्रावर मी बोलणार नाही. परंतु एखाद्या माणसाला वेतन कोण देतो, त्याला कामावरून कोण काढू शकतो आणि त्याची बदली कोणाच्या सहीने होते, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून समाजातील त्याच्या स्थानाचा अंदाज लागत नाही, एवढे मी साखर कारखान्यांच्या फाटकांवर शिकलो आहे. हेच प्रश्न आपण आज आपल्या शाळामास्तराला विचारू.

इंग्रजी अमलाच्या आधीचा मास्तर म्हणजे पंतोजी. त्याची शाळा कोणाच्या ओसरीवर, देवळात किंवा धर्मशाळेत भरे. धुळपाटीवर अक्षरे, तोंडी पाढे, मोडी वाचन आणि जमाखर्च एवढा त्याचा अभ्यासक्रम. मोबदला म्हणजे पालकांकडून मिळणारे धान्य, थोडे पैसे आणि सणावाराची भेट. पंतोजीचा धाक मुलांवर मोठा. पण पोट गावातल्या चार घरांच्या हाती. त्यामुळे ज्यांना गाव शाळेत येऊ देत नव्हते, त्या मुलींसाठी आणि अस्पृश्यांच्या मुलांसाठी तो दार उघडील कसा? तो गावाचा होता, आणि म्हणूनच गावाच्या रूढीचाही होता.

एल्फिन्स्टनच्या काळापासून मुंबई इलाख्यात सरकारी देखरेखीच्या शाळा निघू लागल्या आणि पगारी मास्तर जन्माला आला. मात्र रूढीचे दार उघडण्याचे काम प्रथम सरकारने केले नाही. आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. आजच्या अहिल्यानगरात, तेव्हाच्या अहमदनगरात, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांना कोणी पुढारीपणाचे पद दिले नव्हते. जिथे गाव जायला तयार नव्हते तिथे त्या आधी गेल्या. शिक्षकाचे पुढारीपण ते हेच.

ह्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले. शाळामास्तराविषयी त्यातील विचार आजही कोणत्याही संघटनेच्या कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. त्यांचे म्हणणे असे की, प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा. प्रसंगी नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये. खालच्या थरांतील लोकांत त्याने सहज मिसळावे. आणि ह्या गुणांची नुसती अपेक्षा करून ते थांबले नाहीत. त्याचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा, अशी मागणी त्यांनी केली. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपालाचे काम पाहणे अशा कामांत त्याला घेतल्यास त्याचा मान वाढेल, असेही सुचविले. पगार, प्रतिष्ठा आणि कष्टकऱ्यांशी नाते ही तीन दावी जोतीरावांनी एकाच खुंटीला बांधली होती. पुढच्या इतिहासात ती एकेक करून सुटत गेली, हे मला आज दाखवावयाचे आहे.

आपल्या शिर्डीचेच उदाहरण घ्या. हे गाव तेव्हा कोपरगाव तालुक्यातले एक लहान खेडे होते. मशिदीशेजारच्या शाळेत माधवराव देशपांडे शिकवीत. शाळेच्या खिडकीतून मशीद दिसे. साईबाबांनी ज्यांना 'शामा' म्हटले ते हेच गृहस्थ. परगावाहून आलेला मनुष्य आपली विनंती बाबांपर्यंत पोचविण्यासाठी त्यांच्याकडे येई. श्रद्धेची बाजू आपण सारे जाणता. मी केवळ इतिहासाची बाजू सांगतो. अक्षरओळख थोड्यांनाच असलेल्या खेड्यात परका मनुष्य आणि गाव, कागद आणि बोलणे, ह्यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम स्वाभाविकपणे मास्तराकडे येत असे. पत्र वाचून दाखवणारा तोच, अर्ज लिहून देणारा तोच, आणि कित्येक गावांत टपाल सांभाळणाराही तोच. त्याचा पगार तुटपुंजा होता. पण गावाला त्याची गरज होती.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे. परंतु मास्तराच्या दृष्टीने धनी बदलला आणि जवळ आला. बोर्डाच्या सभासदाची मर्जी आणि बदलीचा हुकूम ह्यांचा संबंध गावोगाव चर्चेचा विषय झाला. ज्याची बदली निवडणुकीवर अवलंबून, तो गावातील अन्यायाविरुद्ध तोंड कसे उघडणार?

त्याच काळात कर्मवीर भाऊराव पाटलांनी दुसरी वाट दाखविली. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९३५ मध्ये साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय निघाले. रयतेतील मुलगा शिकावा, शिक्षक व्हावा आणि पुन्हा रयतेत जावा, असा तो विचार होता. शाळा आणि वसतिगृह, पुस्तक आणि कुदळ ह्यांची तिथे फारकत नव्हती. जोतीरावांनी मागितलेला शिक्षक तिथे घडू लागला. आपल्या जिल्ह्यात रयतेच्या शाळा पुढे कशा पसरल्या हे आपण पाहतोच.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांचा नोकर झाला. ह्या पिढीच्या शिक्षकांनी संघटना बांधल्या, सहकारी पतसंस्था आणि बँका उभ्या केल्या. १९७७-७८ मध्ये सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून शिक्षक ५४ दिवस संपावर राहिले. खाजगी शाळांतील शिक्षकांच्या नोकरीला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला. त्याचा अंमल १९८१ पासून झाला. संस्थाचालकाने सकाळी बोलावून संध्याकाळी घरी पाठवावे, ही मनमानी कायद्याने रोखली. ही कमाई लहान नव्हे. जोतीरावांच्या १२ रुपयांचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

पण मिळालेले टिकले का? २००० साली 'शिक्षण सेवक' योजना आली. नव्या शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर राबावे, प्राथमिकला महिना ३,००० रुपये घ्यावे. हे मानधन १६,००० व्हायला २०२३ साल उजाडले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांचे जुने निवृत्तिवेतनही गेले. नाव 'सेवक' असे गोड ठेवले तरी कारखान्यात ह्या पद्धतीला आम्ही हंगामी कामगार म्हणतो. ज्या वयात तरुण शिक्षकाने गाव समजून घ्यावयाचे, त्या वयात तो महिनाअखेरीचा हिशेब जुळवीत बसतो.

दुसरीकडे हुकूम वाढले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण एवढीच शाळाबाह्य कामे शिक्षकाला देता येतात असे ठरविले. प्रत्यक्षात माहिती भरण्याचा रगाडा संपलेला नाही. २०१७ पासून बदल्या संगणकाद्वारे होऊ लागल्या. पुढाऱ्याच्या दारातील फेऱ्या कमी झाल्या, हे चांगलेच झाले. मात्र यंत्राने पाठविलेल्या शिक्षकाला गाव ओळखत नाही आणि गावालाही तो आपला वाटत नाही, ही जुन्या रोगाच्या जागी नवी दुखणी आहे. आणखी एक विसंगती पाहा. विधान परिषदेत शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. परंतु घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे त्या मतदारसंघात मत देण्याचा अधिकार माध्यमिक आणि त्यावरील शिक्षकांनाच आहे. पहिलीच्या मुलाचा हात धरून 'अ' गिरवून घेणाऱ्याला तेथे मत नाही.

आता संघटनेच्या माणसांना उद्देशून चार शब्द, कारण ते परक्याने सांगण्यापेक्षा घरच्याने सांगितलेले बरे. वेतनासाठी लढणे हा शिक्षकाचा हक्क आहे. पोट भरल्यावाचून पाठीचा कणा ताठ राहत नाही. पण त्या तीन दाव्यांपैकी तिसरे, कष्टकऱ्यांशी नाते, हे कोणताही वेतन आयोग देऊ शकत नाही. ऊसतोडणीला आईबापांसोबत गेलेल्या मुलाचे वर्ष वाया जाते, तेव्हा तो प्रश्न संघटनेच्या ठरावात पहिल्या कलमात असला पाहिजे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. वाडीवरची शाळा वाचवायची झाल्यास एकट्या शिक्षकाच्या मोर्चाने ती वाचणार नाही; त्याच्या शेजारी वाडीचे लोक उभे असले पाहिजेत. आणि पूर्वी जो त्यांच्या शेजारी उभा राहिला असेल, त्याच्याच शेजारी ते उभे राहतील.

आणि आपण नागरिकांनी काय करावे? कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्या सभासदांपैकी तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. शिर्डीत भाविकांची सोय पाहणारी शेकडो माणसे रात्रंदिवस राबतात. हॉटेलांत भांडी घासणाऱ्या, फुले विकणाऱ्या आयांची मुले ह्याच गावच्या शाळांत बसतात. त्या आयांना समितीच्या बैठकीला येता येईल अशी वेळ ठरवा. बैठकीत शिक्षकाला विचारा की, तुमचे किती दिवस वर्गात गेले आणि किती कागदांत. आणि कागदांत गेलेल्या दिवसांचा जाब त्याच्याकडे न मागता वरच्या कचेरीत मागा. वेतन संघटना मिळवील, संरक्षण कायदा देईल. गावाने शिक्षकाला एवढे बळ दिले तर उरलेले काम तो करील.