शिलालेख वाचता येतो, मग फाईल का नाही?

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीला देवीचे प्राचीन हेमाडपंती देऊळ आहे. येथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा. आठशेहून अधिक वर्षे लोटली, तरी अभ्यासकांना तो वाचता येतो. कारण नागरी लिपी कोणा एकाच्या मालकीची नव्हती. याउलट १९९५ च्या सुमारास संगणकावर टंकलेली मराठी प्रयोगपुस्तिका आज उघडली, तर पडद्यावर बहुधा रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. असे का व्हावे?

संगणक अक्षरे नव्हे, अंक साठवतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे आधी ठरवावे लागते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली त्यासाठी ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्यात ‘क’चा क्रमांक १७९. पण छपाईसाठी निघालेल्या अनेक फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे आपापल्या क्रमाने बसवली. छापलेले पान सुरेख निघे; मात्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल नेली की सारेच निरर्थक. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे २३२५, बार्शीटाकळीत आणि बोस्टनमध्येही.

दुसरा पेच फाईलच्या रचनेचा. वर्डच्या जुन्या ‘डॉक’ रचनेचा तपशील मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुला केला तो २००८ मध्ये. त्याआधी, २००६ साली, ‘ओडीएफ’ ही खुली रचना आंतरराष्ट्रीय मानक झाली होती. १९९३ ची ‘पीडीएफ’ २००८ मध्ये त्या पंक्तीत आली. भारत सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले.

मग आपण काय निवडावे? दुसऱ्याने दुरुस्त करायचा मजकूर युनिकोडमध्ये, ओडीएफ रचनेत द्यावा. जसाच्या तसा छापायचा असेल तर पीडीएफ. मोजमापांचे तक्ते ‘सीएसव्ही’ या साध्या मजकुरात ठेवावेत. ते कोणत्याही संगणकावर उघडतात. पानाचा नुसता फोटो पीडीएफमध्ये घालू नये. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा वाचक-प्रोग्राम त्यापुढे मुका होतो.

गावातल्या विहिरींची पातळी मुलांनी वर्षानुवर्षे मोजली, पण पुढच्या गुरुजींना ती फाईल उघडलीच नाही, तर मोजणी झाली काय नि न झाली काय, सारखेच.